नाशिकरोडला बाळ येशूची गर्दी, मग वसईचा गोन्सालो कुठे?

पाथर्डीफाटा
यात्रा संपली. फेब्रुवारीचा दुसरा शनिवार-रविवार, पुणे रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबई, वसई, गोवा, सगळीकडून गाड्या. त्याच्या आदल्याच आठवड्यात, 6 फेब्रुवारीला, संत गोन्सालो गार्सियाचा दिवस होऊन गेला. वसईत जन्मलेला, जपानी भाषा शिकलेला, 1597 साली नागासाकीच्या टेकडीवर क्रूसावर बांधून भाल्यांनी मारलेला माणूस. किती जणांना आठवण झाली? वसईचे लोक घरचा हुतात्मा सोडून इथे प्रागच्या मूर्तीवरून घडवलेल्या बाहुलीपुढे रांगा लावतात. हात तुटलेली मूर्ती म्हणे बोलली आणि ‘मला माझे हात द्या’ म्हणाली. दंतकथेला यात्रा, इतिहासाला रिकामी बाकं. आश्रयदाता संत हवा असेल तर आपल्या मातीतला घ्या, एवढंच माझं म्हणणं आहे. मुलांना आपण हे का शिकवतोय?

जेलरोडकर
आधी ‘बाहुली’ हा शब्द मागे घ्या, मग पुढे बोलू.

दुसरं, तुम्ही नोंद आणि आख्यायिका एकाच पोत्यात भरली आहेत. नोंद काय आहे ते बघा. मूर्ती स्पेनची, सोळाव्या शतकातली. मारिया मान्रिके दे लारा हिने ती बोहेमियात, म्हणजे आजच्या झेक प्रजासत्ताकात, आणली आणि मुलगी पोलिक्सेना हिला दिली. पोलिक्सेनाने 1628 मध्ये ती प्रागच्या कार्मेलाइट संघाच्या मठाला दान केली. 1631 मध्ये सॅक्सन सैन्य शहरात घुसलं, मठ लुटला गेला, मूर्ती वेदीमागच्या अडगळीत पडली. 1637 मध्ये फादर सिरिल यांना ती सापडली, तेव्हा दोन्ही हात मोडलेले होते. 1655 मध्ये तिला मुकुट घातला. ही झाली नोंद.

आख्यायिका वेगळी. स्पेनमधल्या एका मठवासी बंधूला बाळ दिसलं आणि त्याने ते मेणात घडवलं, ती आख्यायिका. मूर्ती आधी आविलाच्या संत तेरेसाकडे होती, तीही आख्यायिका. सिरिलना ऐकू आलेला आवाज हा त्यांच्या भक्तीचा अनुभव. तो मानायलाच हवा असं चर्चने कोणावर बंधन घातलेलं नाही.

आणि बाळ येशू हा ‘संत’ नाही. तो खुद्द ख्रिस्त आहे, बालरूपातला. गोन्सालोला त्याच्याशेजारी तराजूत ठेवलंत तर गोन्सालोलाच ते आवडणार नाही. तो ज्याच्यासाठी मेला तोच हा.

पाथर्डीफाटा
शब्द मागे घेतो. मुद्दा घेत नाही. यात्रेत आलेल्या शंभर माणसांना विचारा, 1628 कोणाला ठाऊक आहे? त्यांना हाताची गोष्ट तेवढी ठाऊक असते. उलट गोन्सालोच्या गोष्टीत एकही चमत्कार नाही आणि तरी अंगावर काटा येतो. मकाव, मनिला, तिथे फ्रान्सिस्कन संघाचा मठवासी बंधू झाला, मग जपानात फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाष्या. त्याच्यासह 26 जणांना क्योटोत डाव्या कानाचा तुकडा कापून भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवत नेलं. त्यात बारा वर्षांचा एक मुलगा होता. 1862 मध्ये संतपद. पहिला भारतीय संत आपल्या महाराष्ट्राचा आहे आणि नाशिकच्या पोरांना त्याचं नाव धड उच्चारता येत नाही.

शरणपूरकर
‘पहिला भारतीय’ जरा जपून. वडील पोर्तुगीज, आई वसईची. 2008 मध्ये केरळच्या सिस्टर अल्फोन्सा संत झाल्या तेव्हा बऱ्याच वर्तमानपत्रांनी ‘पहिली भारतीय संत’ असाच मथळा दिला होता, तो याच कारणाने.

पाथर्डीफाटा
म्हणजे आईचं रक्त मोजायचं नाही? वसईच्या बाईच्या पोटी वसईत जन्मलेला माणूस भारतीय नाही, तर कोण भारतीय? अल्फोन्सा पहिल्या भारतीय स्त्री संत, देवसहायम 2022 मध्ये पहिले प्रापंचिक भारतीय संत. प्रत्येकाची जागा आहे. गोन्सालोची काढून घेऊ नका.

शरणपूरकर
काढून घेत नाही. मथळे का तसे आले ते सांगितलं. आईचा मुद्दा मान्य.

वेदीसेवक_नाशिकरोड
कोण आपला आणि कोण परका हे चालू द्या. पुढच्या वर्षीचं चर्चचं पंचांग कोणी उघडून पाहिलंय का?

2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणजे राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळाची सुरुवात, 10 फेब्रुवारीला. दुसरा शनिवार-रविवार येतो 13 आणि 14 फेब्रुवारीला. 14 तारीख हा उपवासकाळाचा पहिला रविवार. त्या रविवारी कुठल्याही सणाची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चालत नाही, मंदिराच्या नावाचा महोत्सव, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा सण, असला तरी. उपवासकाळाच्या रविवारचा दर्जा वरचा. रंग जांभळा, ग्लोरिया आणि आलेलुया ही स्तुतिगीतं नाहीत, वेदीवर फुलं नाहीत, वाद्यं फक्त गाण्याला आधारापुरती. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारचीच धरली जाते, तिलाही हेच. म्हणजे सणाची मिस्सा खऱ्या अर्थाने होऊ शकते ती फक्त शनिवारी सकाळी, महोत्सवाचा दर्जा असेल तर किंवा बिशपांच्या परवानगीने.

सणाआधीचे नऊ दिवस धरले तर नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, 4 ते 12 फेब्रुवारी. सातवा दिवस राखेचा बुधवार, नववा दिवस उपवासकाळातला शुक्रवार. बुधवार-शुक्रवार दोन्ही दिवशी मांसाहार वर्ज्य. बाहेरच्या खाण्याच्या गाड्यांना हे आधी सांगावं लागेल. 2016 मध्येही हेच वार आणि हीच तारीख आली होती.

जेलरोडकर
मग तारीख पुढेमागे करायची? लोक ‘दुसरा शनिवार’ धरूनच येतात. गोव्याचा माणूस पंचांग बघून येत नाही, सवयीने येतो.

वेदीसेवक_नाशिकरोड
एक आठवडा आधी, 6 आणि 7 फेब्रुवारीला घेतली तर 7 तारखेचा रविवार सामान्य काळातला, म्हणजे उपवासकाळाआधीचा, आहे, अडचण कमी. पण ठरवायचं तर लवकर. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे 13 फेब्रुवारीचं 15 डिसेंबरच्या सुमारास. त्यानंतर तारीख बदलली तर तिकिटं काढून बसलेले लोक मोकळ्या मैदानात उतरतील. त्यात 2027 सिंहस्थाचं वर्ष. रस्त्यांची कामं, वाहतूक वळवणं, पोलिसांची परवानगी, सगळंच लांबतं. निर्णय नोव्हेंबरच्या आत झाला पाहिजे.

नेहरूनगर_आई
उपवासकाळ असला म्हणून लहान बाळासमोर फुलं ठेवायची नाहीत? लोक किती लांबून हार घेऊन येतात! आजारी मुलासाठी नवस बोललेली आई जांभळा रंग बघायला येत नाही.

वेदीसेवक_नाशिकरोड
ताई, नियम वेदीच्या सजावटीचा आहे. भाविकाच्या हातातल्या हाराचा नाही. मूर्ती वेदीपासून वेगळ्या जागी ठेवून हार तिथे स्वीकारा, कोणी अडवणार नाही. पण मिस्सा चालू असताना वेदीवर झेंडूचे ढीग नकोत. उपवासकाळात वेदी उघडी ठेवायची ती ईस्टरच्या रात्री ती फुललेली दिसावी म्हणून. पहिल्याच रविवारी ते मोडलं तर पुढच्या चाळीस दिवसांना अर्थ राहत नाही.

नेहरूनगर_आई
वेगळी जागा चालेल. पण आईला रांगेत दोन-दोन तास उभं करून ‘आज हार नको’ असं म्हणू नका. तेवढं मात्र मी ऐकून घेणार नाही.

देवळाली_शिवण
रंगाचं निघालं आहे तर कपड्याचं बोलते, कारण खरी नासधूस तिथेच होते.

प्रागची मूळ मूर्ती साधारण 47 सेंटीमीटर. आत लाकूड, वर मेणाचा थर, कमरेखाली चांदीचं आवरण. तिथल्या कार्मेलाइट सिस्टर्स काळानुसार वस्त्र बदलतात: उपवासकाळ आणि नाताळआधीच्या आगमनकाळात जांभळं, नाताळ-ईस्टरला पांढरं किंवा सोनेरी, हुतात्म्यांच्या दिवशी आणि पेंटेकॉस्टला (पवित्र आत्म्याच्या सणाला) लाल, एरवी हिरवं. आपल्याकडच्या प्रतिकृती बहुतेक प्लास्टरच्या किंवा फायबरच्या. प्लास्टरच्या मूर्तीत सगळ्यात कच्ची जागा उजव्या हाताची, आशीर्वादाची वर केलेली दोन बोटं. नंतर मनगट.

चूक अशी होते. लोक झबल्यासारखा अंगरखा शिवतात आणि डोक्यावरून घालतात. बाही बोटांवरून ओढली की बोट गेलं. बरोबर पद्धत म्हणजे अंगरखा पाठीमागून पूर्ण उघडा, बाह्यांची खालची शिवणही उघडी, सगळं बंद-नाड्यांनी किंवा चपट्या हुकांनी बांधायचं. आधी मुकुट काढायचा, डाव्या हातातला गोल वेगळा निघत असेल तर तोही. कपडा समोरून लावायचा, डावी बाही आधी, उजवी नंतर, आणि उजवीकडे कापड बोटांना न लावता हाताखालून वर आणायचं. मुकुट सगळ्यात शेवटी. जड मखमल नको, तिचं वजन मनगटावर लोंबतं. रेशीम किंवा साटन, आत सुती अस्तर. जरीकाम फक्त काठाला.

हात तुटण्याची कथा खोटी म्हणणाऱ्यांनी असा कपडा एकदा बदलून बघावा. मेणाच्या मूर्तीचे हातच आधी तुटणार, त्यात नवल नाही. मूर्ती बोलली की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. हात तुटले होते ते खरंच आहे.

पाथर्डीफाटा
हे मला माहीत नव्हतं. हातांपुरतं मान्य.

जेलरोडकर
कपड्यांवर मेण सांडतं त्याचं काय? दरवर्षी जरीच्या काठावर थेंब असतात.

देवळाली_शिवण
गरम पाणी अजिबात नको, मेण धाग्यात आत उतरतं. आधी पिशवीत बर्फ घेऊन त्यावर ठेवा, कडक झालं की चमच्याच्या बोथट कडेने सोडवा. उरलेल्यावर खालीवर टिपकागद ठेवून अगदी मंद इस्त्री, कागद बदलत राहायचं. जरीवर इस्त्री नको, तिथे फक्त बर्फ आणि धीर.

गोदाकाठ_विद्युत
मेण सांडतं कारण मेणबत्त्या दाटीने लावतात. हे माझं कायमचं भांडण आहे, म्हणून सविस्तर लिहितो. दोन मेणबत्त्यांत किमान चार बोटं अंतर हवं. जवळजवळ लावल्या की एकीच्या उष्णतेने दुसरी वाकते, वितळलेलं मेण तबकात साचतं, वाती त्यात पडतात आणि अख्खं तबक एकदम पेटतं. तसं झालं तर पाणी ओतायचं नाही. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटलेलं मेण चेहऱ्यावर उडतं. झाकण किंवा कोरडी वाळू टाकायची. तबकात आधीपासून दोन-तीन इंच कोरडी वाळू असावी, ओली नको. काजळी येते ती लांब वातीमुळे आणि वाऱ्यामुळे. वात अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत कापलेली हवी आणि स्टँडवर पंखा नको. मूर्तीपासून स्टँड लांब, वेगळ्या शेडमध्ये. तेवढं केलं तर पांढरा अंगरखा पांढरा राहील.

आणि निम्म्या जळलेल्या मेणबत्त्या स्वयंसेवक काढून टाकतात म्हणून लोक चिडतात. गर्दीत दुसरा मार्ग नाही, पण तसा फलक तरी लावा.

नेहरूनगर_आई
नवसाची मेणबत्ती विझवली तर वाईट वाटणारच! फलकाने ते जात नाही. मेणबत्ती विझवायची नाही, शेडमध्ये नेऊन संपेपर्यंत जळू द्यायची. जागा करा.

गोदाकाठ_विद्युत
लाख मेणबत्त्यांना जागा कुठून आणायची सांगा.

नेहरूनगर_आई
मग मेणबत्त्या विकू नका एवढ्या. जळायला जागा नाही तर घ्यायच्या कशाला?

गोदाकाठ_विद्युत
हे उत्तर माझ्याकडे नाही. बरोबर बोललात.

शरणपूरकर
मूळ मुद्द्यावर या. गोन्सालोचा दिवस 6 तारखेला का पडतो ते कोणी सांगितलं नाही. हुतात्मे 5 फेब्रुवारीला मारले गेले, पण 5 तारीख संत आगाथाची आहे, म्हणून पंचांगात त्या 26 जणांपैकी पॉल मिकी आणि सोबतींचं स्मरण 6 ला. गोन्सालो त्या ‘सोबतीं’मध्ये दडून जातो. नाव पुढे येत नाही याचं अर्धं कारण हेच. यात्रेचा काही दोष नाही.

पाथर्डीफाटा
अर्धं कारण मान्य. उरलेलं अर्धं आपलं आहे. आपल्या धर्मप्रांतात सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची (मरियामातेची) यात्रा भरते, फेब्रुवारीत बाळ येशूची, आणि हुतात्म्याच्या वाट्याला सकाळची एक साधी मिस्सा, तीही प्रवचनात त्याचं नाव न घेता. माझा राग तिथे आहे.

वेदीसेवक_नाशिकरोड
मग ऐका. 2027 मध्ये 6 फेब्रुवारी शनिवार आहे, आणि यात्रा ठरल्या वारीच राहिली तर तो नोव्हेनाचा तिसरा दिवस. राखेच्या बुधवाराच्या आधीचा, म्हणून स्मरणदिन पूर्ण पाळता येतो. सकाळची मिस्सा हुतात्म्यांची, रंग लाल. संध्याकाळी मात्र रविवार लागतो, तेव्हा हिरवा. सकाळच्या मिस्सेत प्रवचन गोन्सालोवर ठेवता येईल, शाळेच्या मुलांना त्याच मिस्सेला बोलावता येईल.

जेलरोडकर
आणि त्या सकाळी बाळ येशूला लाल अंगरखा. एवढं करायला माझा विरोध नाही. यात्रा मात्र त्याच्या नावाने होणार नाही.

पाथर्डीफाटा
यात्रा त्याच्या नावाने करा असं आता म्हणत नाही. लाल अंगरखा तयार आहे का?

देवळाली_शिवण
लाल आहे, पण डोक्यावरून घालायचा शिवलेला आहे. पाठ उघडून नाड्या लावाव्या लागतील, अस्तरही बदलायला हवं. सव्वा मीटर सुती कापड पुरेल. जांभळा मात्र नव्याने शिवावा लागेल, 13 च्या संध्याकाळच्या मिस्सेआधी बदलायला. मूर्तीची मापं कोणी घेऊन पाठवेल का? खांद्यापासून पायापर्यंत, आणि उजव्या मनगटाचा घेर.

वेदीसेवक_नाशिकरोड
रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर घेतो. मुकुट काढून.