मदत हवी आहे : टेबलाचा टॉप तडकला, चिरेत काय भरावे?

घरचा भुसा : दोन महिने खपून घरीच टेबल केले आणि काल सकाळी पाहतो तर टॉपला हातभर लांब चीर पडलेली, इतकी की नख सहज आत जाते. भुसा आणि गोंद कालवून भरावा की इपॉक्सी ओतावे, एवढेच सांगा. चार दिवसांत टेबल भावाकडे पोचवायचे आहे.

गुण्या : लाकूड कोणते, चीर सांध्यावर आहे की फळीच्या अंगात, आणि टॉप खाली कशाला बसवला आहे, हे कळल्याशिवाय उपाय सांगता येणार नाही.

घरचा भुसा : साग आहे. पाच फळ्या जोडून ६० सेंटीमीटर रुंदी केली आहे. सांधे शाबूत आहेत, तडकली ती मधली फळी. प्रश्न भरण्याचा होता.

प्लायप्रेमी : अखंड लाकडाचा हट्ट सोडावा. प्लायमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते असे तडकत नाही.

पटाशी : प्लायवरचे व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा शोभेचा पातळ थर, पॉलिश पेपरने जरा जास्त घासले गेले की खालचा थर दिसू लागतो, तेव्हा अखंड लाकडाला नावे ठेवू नयेत. मूळ चूक रंध्याच्या धारेत असावी. पात्याला २५ अंशांचा उतार आणि टोकाला ३० अंशांची बारीक धार दिली, की सांधे सहसा उघडत नाहीत.

गुण्या : सांधे उघडलेलेच नाहीत, असे त्यांनी वर लिहिले आहे. टॉप खाली कसा बसवला, याचे उत्तर मात्र अजून आलेले नाही.

घरचा भुसा : खाली दोन आडव्या पट्ट्या आहेत, त्यांना भरपूर गोंद आणि शिवाय सहा-सहा स्क्रू. पक्के व्हावे म्हणूनच तसे केले. पॉलिशचे तीन हात वरून दिले, खालची बाजू दिसत नसल्याने कोरी ठेवली.

गुण्या : मग चीर पडणारच होती. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते. सागासारख्या शांत, म्हणजे कमी हलणाऱ्या, लाकडाचाही ओलावा ४ टक्क्यांनी उतरला, तर ६० सेंटीमीटरच्या टॉपमध्ये, ओंडक्यातून फळ्या कशा कापल्या आहेत त्यानुसार, ४ मिलिमीटरपर्यंत फरक पडतो. आडवी पट्टी मात्र तिच्या लांबीत तशीच राहते, आणि गोंदाचा सांधा लाकडाहून बळकट असल्यामुळे फळी फाटते. आता चीर भरलीत, तर ओलावा परतल्यावर फुगायला जागा उरणार नाही. आधी पट्ट्या सोडवाव्यात. पांढरा गोंद गरम हवेने मऊ पडतो.

घरचा भुसा : स्क्रू काढले, गरम हवा दिली आणि पातळ सुरी सरकवत पट्ट्या सोडवल्या. दुसरी पट्टी सुटताना टक असा आवाज झाला आणि चीर डोळ्यांदेखत मिटत गेली. आता तिच्यात कागदही जात नाही. भावाला उशीर होईल असे कळवले आहे. पट्ट्या परत बसवताना टॉपला हलायला जागा मिळावी म्हणून पट्टीतली स्क्रूची भोके किती लांब करू?

गुण्या : मधल्यांपैकी एक भोक गोलच राहू द्यावे. बाकीची भोके टॉपच्या रुंदीच्या दिशेने दोन्हीकडे ५-५ मिलिमीटर लांबवावीत, स्क्रूखाली वॉशर घालावा आणि गोंदाचा थेंबही लावू नये. चिरेत पातळ गोंद मुरवून क्लॅम्प लावा, आणि खालच्या बाजूलाही पॉलिशचे तेवढेच हात द्या.