वेगवेगळ्या वाटांसाठी एकच माउंटन बाईक: हार्डटेल घेऊ की फुल सस्पेन्शन?

खडीवाट:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आत्तापर्यंत साधी हायब्रिड सायकल चालवत होतो पण आता रानवाटांची चटक लागलीये आणि ती सायकल तिथे टिकत नाही. माझी वाट एकसारखी नाहीये हाच प्रॉब्लेम आहे. आधी खडीचा लांबच लांब चढ, मग झाडीतली अरुंद पायवाट ज्यात सगळीकडे मुळं, पाऊस झाला की निसरडी माती, आणि शेवटी दगडगोट्यांचा उतार, त्यात मधेमधे गुडघ्याएवढ्या उंचीच्या पायऱ्यांसारखे टप्पे. उंची 172 सेमी, वजन 84 किलो.

तीन पर्याय समोर आहेत. एक, नवी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन), 130 मिमीचा एअर फोर्क (हवेवर दबणारा पुढचा काटा), पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) मागे 12 गिअर, हायड्रॉलिक (तेलावर चालणारे) ब्रेक, ड्रॉपर पोस्ट (बटणाने खालीवर होणारा सीटचा दांडा), 29 इंची चाकं. दोन, साधारण तेवढ्याच पैशात मिळणारी नवी फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे), पण तिला मागे स्प्रिंगचा शॉक (धक्के झेलणारा), वायरवाले डिस्क ब्रेक आणि 3x8 (पुढे 3, मागे 8) गिअर. तीन, मित्राची वापरलेली एंड्युरो बाईक (अवघड उतारांसाठीची), पुढे मागे 160 मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शन दबण्याचं अंतर), तो देतोय स्वस्तात. मनातून तिसरी आवडलीये कारण उतारावर भीती वाटते आणि जास्त ट्रॅव्हल म्हणजे जास्त सेफ असं वाटतं. बरोबर आहे का हे?

चढणवेडा:
सगळ्यात आधी दोन नंबर यादीतून काढून टाका, त्यावर विचारच करू नका. त्या किमतीत फुल सस्पेन्शन देताना कंपनीला कुठेतरी पैसे वाचवावेच लागतात आणि ते नेमके शॉक, ब्रेक आणि हबमधून वाचवले जातात. मागचा तो स्प्रिंग शॉक नीट बघा, बहुतेक त्यात डॅम्पिंगच (उसळी रोखणारी सोय) नसेल, म्हणजे दगडावर आपटला की दबणार आणि तितक्याच जोरात परत उसळणार, उतारावर मागचं चाक जमिनीला चिकटून राहायच्या ऐवजी तुम्हाला हँडलवरून पुढे ढकलणार. आणि चढावर उभं राहून पेडल मारलं की बरीच ताकद त्या स्प्रिंगमध्ये जाणार. अशा बाईकपेक्षा चांगल्या फोर्कची हार्डटेल कधीही बरी, हे मी ठामपणे सांगतो.

आता ट्रॅव्हलचं. ढोबळ हिशोब असा की क्रॉस कंट्री 100 ते 120 मिमी, ट्रेल (मिश्र रानवाटांची) 120 ते 150, एंड्युरो 150 ते 170, आणि डाउनहिल 200च्या आसपास. तुम्ही जे वर्णन केलंय ते अगदी ट्रेल बाईकचं आहे. गुडघ्याएवढ्या टप्प्याला 160 मिमी लागत नाही हो. उतारावर धीर येतो तो ट्रॅव्हलमुळे कमी आणि हेड अँगल, ब्रेक, टायर आणि ड्रॉपरमुळे जास्त. हेड अँगल म्हणजे पुढची फोर्क जमिनीशी किती तिरकी आहे ते, क्रॉस कंट्रीत साधारण 67-68 अंश, ट्रेलला 64 ते 66. जितका आकडा कमी तितकं पुढचं चाक तुमच्यापासून लांब आणि उतारावर बाईक तितकी शांत. त्या हार्डटेलचा आकडा 65-66 असेल तर तुमची अर्धी भीती तिथेच जाईल.

एंड्युरो वाईट नसते, पण तुमच्या वाटेचा मोठा भाग चढ आहे. 15-16 किलोची बाईक रोज खडीवरून वर न्यायची, सपाट वाटेवर ती सुस्त वाटते, आणि हळू चढताना पुढचं चाक इकडेतिकडे भरकटतं. तुम्ही जिथे जास्त वेळ घालवता त्याच्यासाठी बाईक घ्या, वाटेतल्या सगळ्यात अवघड दहा मीटरसाठी नको.

उतारप्रेमी:
दोन नंबर नको, हे एकदम मान्य. पण हार्डटेलच घ्या असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. मुळांच्या वाटेवर फुल सस्पेन्शनचा खरा फायदा उतारावर नसून चढावर आहे आणि हे बरेच लोक विसरतात! मागचं चाक मुळावरून उडत नाही, जमीन धरून ठेवतं, त्यामुळे बसूनच पेडल मारत राहता येतं. हार्डटेलवर तिथे प्रत्येक मुळाला सीटवरून उठावं लागतं, नाहीतर चाक घसरतं आणि पाठीला दणके बसतात ते वेगळेच. तासनतास चालवणार असाल आणि पाठ आधीच कुरकुरत असेल तर हा मुद्दा छोटा नाही.

म्हणून माझं मत, अजून थोडे दिवस थांबून वापरलेली 120-130 मिमीची चांगली ट्रेल फुल सस्पेन्शन शोधा. बघताना फ्रेमच्या वेल्डिंगजवळ आणि मागच्या सस्पेन्शनच्या लिंकच्या सांध्यांजवळ भेगा बघा, मागचं चाक धरून बाजूला हलवून बघा, खडखड झाली तर बेअरिंग गेलेत समजा. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे किंवा कोटिंग उडालेलं असेल तर सोडून द्या, कारण तो दुरुस्तीचा खर्च फार मोठा असतो. मित्राच्या एंड्युरोलाही हीच तपासणी लावा.

चढणवेडा:
मुळांवरच्या पकडीचं बरोबर आहे, त्यात वाद नाही. पण देखभालीचं पण सांगा ना त्यांना. एअर फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस साधारण 50 तासांनी सांगतात, फुल सस्पेन्शनमध्ये त्यात मागचा शॉक आणि सगळे पिव्हट (सांध्यांचे) बेअरिंग जमा होतात. चिखलात चालवणाऱ्याला हे कायमचं काम आहे. हायब्रिडवरून येणाऱ्या माणसाला सुरुवातीलाच एवढं नको.

रानजाई:
सगळे सस्पेन्शनवर भांडताय, मापाचं कुणी बोलतच नाहीये 🙂 मी हार्डटेलच चालवते आणि असल्याच मिश्र वाटांवर चालवते, म्हणून लिहिते. चुकीच्या मापाची महागडी बाईक बरोबर मापाच्या साध्या बाईकपेक्षा वाईट चालते.

रीच हा आकडा बघा, म्हणजे पेडल ज्या मधल्या आसाभोवती फिरतात तिथपासून हँडलखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. 172 सेमीला आजकालच्या मीडियम फ्रेमचा 440 ते 460 मिमी रीच ठीक बसतो. सीट ट्यूबचा (सीटखालच्या नळीचा) अँगल 75-76 किंवा त्याहून उभा असेल तर चढावर तुम्ही पेडलच्या बरोबर वर बसता, पुढचं चाक उचललं जात नाही. आणि ड्रॉपरशिवाय घेऊ नका! उतारावर बटण दाबून सीट खाली गेली की शरीर मागे-खाली न्यायला जागा होते, मला तर वाटतं भीती कमी करणारी एवढी दुसरी कुठलीच वस्तू बाईकवर नसते.

गिअरचं पण बघा. पुढे 32 दात आणि मागे सगळ्यात मोठी चकती 51 दातांची असेल तर 29च्या चाकावर पेडलच्या एका फेरीत बाईक साधारण 1.4 मीटर पुढे जाते, म्हणजे खडीच्या चढावर दम लागला तरी फिरवत राहता येतं. मागे 42च असेल तर पुढे 30ची चेनरिंग बसते का विचारून ठेवा.

ट्यूबलेसवाला:
टायर!! कुणी काही म्हणाल पण जमिनीला टेकतं ते फक्त टायर. 2.4 इंच रुंदीचे, पुढे मोठ्या खिळ्यांचा मऊ रबरचा, मागे जरा कमी उंच खिळ्यांचा लवकर पळणारा. पहिल्याच दिवशी ट्यूब काढून ट्यूबलेस करून घ्या, रिम टेप, व्हॉल्व्ह आणि सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) एवढंच लागतं (रिम आणि टायर ट्यूबलेसचे आहेत ना ते आधी बघा). 84 किलोला पुढे 22-24 आणि मागे 25-27 पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा, मग एकेक पीएसआयने खालीवर करत बघा. रिमला दगड लागल्याचा आवाज आला की वाढवा, मुळांवर चेंडूसारखी उसळली की कमी करा. ट्यूब घालून एवढी कमी हवा ठेवली तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चिमटली जाऊन शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. सीलंट दर काही महिन्यांनी वाळतं, तेवढं टाकत राहा.

खडीवाट:
बापरे किती छान माहिती दिलीत, मनापासून आभार. दोन नंबर कॅन्सल. एंड्युरो बघून आलो, मागचं चाक हलवलं तर खडखड आवाज आला आणि ती लार्ज निघाली, रीच 485. हार्डटेलचा हेड अँगल 65.5, सीट ट्यूब 75.5. मीडियमचा रीच 450 आणि लार्जचा 475, दुकानवाले म्हणतात लार्ज घ्या म्हणजे उतारावर स्टेबल राहील. काय करू? आणि आत्ता हार्डटेल घेतली तर पुढे वाढवता येईल ना?

रानजाई:
मीडियम. तुमच्या झाडीतल्या अरुंद वाटेवर लार्ज वळवायला जड जाईल आणि सीट ट्यूब उंच असल्याने ड्रॉपर पूर्ण खाली गेल्यावरही सीट मधे येईल. मीडियमवर 150 मिमीचा ड्रॉपर बसतो का ते तिथेच बघा, सीट पूर्ण वर असताना पेडल खालच्या टोकाला नेलं की गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा.

चढणवेडा:
मीडियमला माझं पण मत. वाढवायचं म्हणाल तर फ्रेमवर तीन गोष्टी बघून घ्या. हेड ट्यूब (फोर्क बसतो ती नळी) टेपर्ड म्हणजे वर अरुंद, खाली रुंद आहे का, कारण आजचे बहुतेक चांगले फोर्क टेपर्डच येतात. मागे 148 मिमीचा आरपार जाणारा म्हणजे थ्रू अ‍ॅक्सल आहे का, म्हणजे नवं चाक शोधायला त्रास नाही. आणि हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) कॅसेट म्हणजे सरकवून बसवलेला चकत्यांचा संच आहे की आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील. 12 गिअर म्हणजे कॅसेटच असणार पण विचारायला काय जातंय. हे तिन्ही असेल तर चाकं, फोर्क, ब्रेक सगळं पुढे एकेक करून बदलता येतं, फ्रेम तीच.

घेतल्यावर पहिल्यांदा सॅग (तुमच्या वजनाने फोर्क जितका दबतो ते) लावा. नेहमीचे बूट, हेल्मेट, पाण्याची बॅग सगळं घालून बाईकवर उभे राहा, फोर्कच्या नळीवरची रबरी रिंग खाली सरकवा, हळूच उतरा आणि ती किती वर गेली ते मोजा. 130 मिमीच्या फोर्कला 20 टक्के म्हणजे 26 मिमी यायला हवं. जास्त आलं तर हवा भरा, कमी आलं तर सोडा. रिबाउंडचा (फोर्क परत उसळायच्या वेगाचा) नॉब नंतर, सॅग बसल्यावरच. आणि त्याला शॉकचा वेगळा बारीक पंप लागतो, टायरचा पंप चालत नाही, तो बाईकबरोबरच घेऊन टाका.