‘प्रजाती’ म्हणजे नक्की काय? (माळढोक आणि शिंदळ माकुडी)

रानवाट : माळढोक पक्ष्याबद्दल बातमीत वाचलं, ‘माळढोक ही अतिसंकटग्रस्त प्रजाती’. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र कुल, प्रजाती, जाती असा उतरता क्रम आहे. म्हणजे प्रजाती हा जीनस, जवळच्या जातींचा गट झाला. मग माळढोक नक्की काय?

कातळफूल : जाती. ‘आर्डिओटिस नायग्रिसेप्स’मधलं पहिलं नाव जीनसचं, दोन्ही मिळून जातीचं. विश्वकोशात जीनसला ‘वंश’ म्हटलंय, मी तोच शब्द वापरतो. स्पीशीजसाठी, म्हणजे जातीसाठी, ‘प्रजाती’ हा शब्द हिंदीतून बातम्यांत शिरला असावा. शिवाय ‘जात’ म्हटलं की आपल्या मनात भलतंच येतं, म्हणूनही लोक टाळत असतील.

वंश आणि जातीची खरी गंमत बघायची तर शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी ही वनस्पती घ्या. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटलं, मुंबईचे गव्हर्नर (1862–67) बार्टल फ्रेअर यांच्यावरून. त्या वंशात ही एकटीच. पुढे अभ्यासकांनी तिला ‘बाउसेरोसिया’ वंशात घातलं. तिथे ‘इंडिका’ नाव आधीच दुसरीने घेतलेलं, म्हणून ही झाली ‘बाउसेरोसिया फ्रेराय’. फ्रेअरसाहेब वंशातून थेट जातीत उतरले! कुळही बदललं : रुईचं कुळ आता करवीर (कण्हेर) कुळात विलीन झालंय. ‘नामशेष’ म्हणजे फक्त नाव उरलेलं. हिचं उलटं, झाड उरलं आणि नाव गेलं.

गवताळ : पण माकुडीला दुर्मीळ म्हणतात, ती दुर्मीळ कशी? माझ्या बाल्कनीत कुंडीभर आहे. फांदी खोचली की लागते.

कातळफूल : कुंडीतली मोजत नाहीत, कड्यावरची मोजतात. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने एकेकाळी तिला जगातल्या सर्वांत धोक्यातल्या बारा वनस्पतींत धरलं होतं. ‘दुर्मीळ’ आणि ‘संकटग्रस्त’ एक नव्हेत. माकुडी मुळातच सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांपुरती, म्हणून दुर्मीळ. माळढोक तसा नव्हता. एके काळी तो देशातल्या कितीतरी माळांवर दिसायचा. शिकार झाली, गवताळ माळ शेतीखाली गेले, वर विजेच्या तारा आल्या. 2011पासून तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य आहे, पण तिथेही आता तो दिसला तर नशीब.

रानवाट : आणि त्यातला ‘ढोक’?

गवताळ : ढोक म्हणजे करकोच्यांपैकी पक्षी. माळावर फिरणारा लांब पायांचा, म्हणून माळढोक. शास्त्रज्ञांनीही त्याला बराच काळ क्रौंचांच्या गणात (कुळाच्या वरच्या गटात) ठेवलं होतं, आता त्याच्या भावकीला स्वतंत्र गण दिलाय. आपल्या लोकांनी मात्र नाव बदललं नाही.