अनुभव धागा: खेड्यात ई-सायकल कशी चालते?

कंपनी सांगते ती रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये जाणारं अंतर, गुळगुळीत, सपाट रस्त्यावरची. शेतवाट, चढ, कॅरिअरवर गोणी आणि वेळीअवेळी जाणारी वीज यांत सायकल कशी वागते, ते वापरणाऱ्यांनीच सांगावं. पेडलची सायकलच हवी. स्कूटरचे किस्से इथे नकोत.

—

आधी हिशेब सांगतो. माझी बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास, म्हणजे ३६० वॉट-तास. सपाटीला हलकं पेडल मारत गेलं की किलोमीटरमागे साधारण १० वॉट-तास जातात. ३० किलोमीटर सहज. मागे गोणी आणि समोरून वारा असला की हा हिशेब विसरायचा. पाय न हलवता नुसत्या थ्रॉटलवर (मुठीतल्या अ‍ॅक्सिलरेटरवर) गेलात तर रेंज निम्म्याच्या आसपास. पूर्ण चार्जिंगला अर्धा युनिटही लागत नाही, हे मात्र खरं.

—

आमचं घर टेकडीवर. हबमोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेली मोटर, चढावर हळू फिरते, करंट ओढते आणि नुसती तापते. वर पोचल्यावर हबला हात लावून बघा, चटका बसतो. म्हणून चढ लागायच्या आधीच गिअर हलका करून पाय मारते. भावाची मिड-ड्राइव्ह आहे. मोटर क्रँकपाशी, म्हणजे पेडलच्या दांड्यांपाशी, असल्याने तिला सायकलचे गिअर मिळतात, चढ आरामात जातो. पण चेन लवकर झिजते, त्याची कुरकुर चालूच असते.

—

रेंज-बिंज ठीक आहे हो, पंक्चरचं बोला! मागच्या चाकात मोटर, त्यातून निघणारी वायर, जाड नट, वॉशरचा ठरलेला क्रम. पंक्चरवाल्याने बघूनच हात जोडले. मी चाक काढतच नाही. सायकल आडवी करायची, टायरची एक कड रिमवरून उतरवायची, तेवढीच ट्यूब ओढून बुडबुडा शोधायचा, घासून पॅच लावायचा. काटा टायरमध्येच राहतो बरं का, आतून बोट फिरवून बघा. जपून फिरवा.

—

घरोघरी आरोग्यभेटी देते. गुडघे वाचले, घाम कमी झाला. एकदा मोटर अचानक बंद. कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा) गेला, असं दुरुस्तीवाल्याने छातीठोकपणे सांगितलं. निघाला ब्रेकच्या मुठीतला चिखल! मूठ पूर्ण मागे येत नव्हती, त्यामुळे ब्रेक दाबलेलाच आहे असं समजून कट-ऑफ, म्हणजे ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच, मोटर तोडत होता. पावसाळ्यात आधी तिथे बघा. आणि बॅटरी संपली की ही पंचवीसेक किलोची सायकल म्हणजे गळ्यातलं लोढणं, ताई-दादांनो, हे घेण्याआधीच समजून घ्या.

—

मी विकली. दुधाचे कॅन न्यायला घेतली होती. ओझ्याने मागचे स्पोक तुटायला लागले. ओझं रोजचं असेल तर मजबूत रिम आणि जाड स्पोकवालीच घ्या, नाहीतर मोटरसायकल बरी.

—

वरच्यांना पुरवणी: महिनोन्महिने वापरणार नसाल तर बॅटरी निम्मी भरून सावलीत ठेवा. गोठणबिंदूखालच्या थंडीत चार्जिंगला लावू नका, लिथियमच्या सेलना कायमची इजा होते. प्रेशरच्या पाण्याने धुणं बंद.

वीज नसणाऱ्यांसाठी: १०० वॉटच्या एका सोलर पॅनेलवर ३६० वॉट-तासाची बॅटरी भरायला स्वच्छ उन्हाचा जवळजवळ अख्खा दिवस जातो. दिवसा सायकल बाहेर असेल तर दुसरी बॅटरी किंवा मध्ये साठवणीची बॅटरी लागतेच. असं कुणी केलंय का? जोडणी कशी केलीत, लिहा.