साताऱ्यात घरच्यांचे मोकळ्यावर पोर्ट्रेट काढायचेत : जागा, वेळ, लेन्स सुचवा

स्टुटगार्टी_सातारकर
नमस्कार मंडळी. घर माची पेठेत, नोकरी जर्मनीत. दिवाळीला येतोय.

इकडे सुट्टीच्या दिवशी मित्रांचे, त्यांच्या पोरांचे बागेत फोटो काढून हात बरा बसलाय. लोक आपणहून बोलावतात. घरच्यांचे फोटो मात्र दोनच प्रकारचे : लग्नात स्टेजवर रांगेत उभे असलेले, नाहीतर व्हिडिओ कॉलवर हनुवटीखालून दिसणारे. यावेळी आजी, आई-बाबा आणि शाळेतली चौकडी यांचे नीट काढायचेत, बाहेर, नैसर्गिक उजेडात. आजी ८४ वर्षांची आहे, गुडघे दुखतात आणि कॅमेरा दिसला की पदर सारखा करून सावधानमध्ये बसते.

कॅमेरा सोनी ए६४००, सोबत आलेली १६-५० लेन्स. आणखी एक घेऊ म्हणतोय, ५० मिमी की ८५? जागा म्हणून कास आणि संगम माहुली डोक्यात आहेत. वेळ संध्याकाळची धरलीय.

जुना_स्टुडिओवाला
८५ चा नाद सोडा. तुमचा सेन्सर छोटा, हिशोब दीडपट. म्हणजे ८५ ची झाली साधारण १२७. आजींशी बोलायला गल्लीच्या टोकावरून हाक मारावी लागेल. ५० घ्या, ती ७५ सारखी वागते, चेहऱ्याला उत्तम. सोनीची ५० एफ १.८ ओएसएस घेतलीत तर लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन मिळतं, म्हणजे हात थोडा हलला तरी फोटो हलत नाही, तुमच्या बॉडीत ते नाही. सिग्माची ५६ एफ १.४ जास्त धारदार, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही आणि किंमतही वर जाते.

आणि १६ वर ठेवून जवळ जाऊन चेहरा काढू नका. नाक पुढं, कान मागं. लोक लेन्सला दोष देतात, खरा खेळ अंतराचा असतो. दीड-दोन मीटर लांब उभे राहा, मग झूम करा.

यवतेश्वराच्या_पायथ्याशी
दादा, दिवाळीत कासला जाऊन काय करणार? फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, नंतर सगळं वाळकं गवत. आणि हंगामात आलात तरी फुलांत बसून फोटो काढता येत नाही, ते बरंच आहे. २०१२ ला पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आहे. तरी लोक पोरांना फुलांत बसवतातच. असो.

वेळेचं मात्र नीट ऐका. तुमच्याकडं जूनमध्ये रात्री साडेनऊला सूर्य मावळतो, तोही तिरका घरंगळत, त्यामुळं सोनेरी उजेड बराच वेळ पुरतो. इथं सूर्य बराच सरळ खाली येतो. नोव्हेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास, पण तो पंचांगातला. गावात पश्चिमेला डोंगर आहे, ऊन त्याच्या आधीच जातं. म्हणजे मऊ ऊन हातात अर्धा तास, तेही गाडी लावून लोक गोळा झाले असतील तर. संध्याकाळवर सगळं टाकू नका. सकाळी साडेसहाच्या पुढं सूर्य येतो, आठपर्यंत मस्त उजेड असतो आणि रस्त्यावर गर्दी नसते.

कृष्णाकाठची
आजींना कुठंही नेऊ नका.

माची पेठेतलं जुनं घर म्हणताय, मग ओसरी असेल, निदान उंबरा तरी. आजींना दाराच्या आत हातभर अंतरावर बसवा, तोंड बाहेर. तुम्ही अंगणात. डोक्यावर छप्पर असल्यामुळं वरचा उजेड अडतो, समोरच्या आभाळाचा उजेड सरळ चेहऱ्यावर येतो आणि मागं घराचा अंधार. स्टुडिओत हजारो रुपये घालून जे करतात ते इथं फुकट. हे भर दुपारी बारालाही चालतं, त्यामुळं सूर्यास्ताच्या मागं पळायला नको. उन्हात बसवलंत तर त्याच बाराला डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतील.

चष्मा असेल तर काचेत आभाळ दिसतं. चष्मा काढायला सांगू नका, त्याशिवाय त्या आजी वाटणारच नाहीत. काड्या कानावर किंचित उचला, काच जराशी खाली झुकते, चमक जाते. एका बाजूला सावली जास्त वाटली तर पांढरं धोतर दोरीवर टाका किंवा कुणालातरी थर्माकोलचा पत्रा धरून उभं करा.

सावधानमध्ये बसतात त्याला औषध एकच, हातात काम द्या. ताटात शेंगा सोलायला द्या, गजरा करायला द्या. बोटं चालू झाली की खांदे आपोआप उतरतात. पहिले दहा-पंधरा फोटो जातील ते जाऊ द्या. मग मधेच जुन्या शेजाऱ्याचं नाव काढा. मान वर येते ना, तो फोटो. शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, बोलताना ओठ हलतात.

बामणोलीची_लाँच
ताई, आजींपुरतं मान्य. पण पोरगा एवढ्या लांबून येणार आणि मित्रांना पण उंबऱ्यात बसवणार? चौकडीला सकाळी अजिंक्यताऱ्यावर न्या. गाडी वर जाते. उत्तरेच्या कडेला, खाली सगळं गाव, थंडीत त्यावर धुक्याचा पातळ थर. सूर्य त्या दिवसांत आग्नेयेकडून येतो, म्हणजे गाव पाठीशी घेतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तिरका उजेड. एवढं चढायचं नसेल तर चार भिंतीचं स्मारक.

संगम माहुली चांगलीच, पण सगळा काळा दगड. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो फोटो उजळ करतो आणि चेहरे पांढरेफटक. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, दोन तृतीयांश स्टॉप खाली घ्या. उलट चुन्याच्या भिंतीपुढं तेवढंच वर. बाबा गांधी टोपी घालत असतील तर टोपी जळतेय का, म्हणजे नुसता पांढरा डाग होतेय का, ते आधी बघा, चेहरा नंतर उजळता येतो, जळलेली टोपी परत येत नाही. कुरणेश्वरला खिंडीतल्या गणपतीजवळ सावली भरपूर, फक्त झाडांचा हिरवट रंग कातडीवर चढतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये काढा, घरी दुरुस्त होतो. लिंबची बारामोटेची विहीर सुंदर आहे, पण पायऱ्या. आई-बाबांना वरच ठेवा.

माझी आवडती जागा विचाराल तर उसाचं रान. नोव्हेंबर-डिसेंबरात तुरे येतात. ऊन तुऱ्यांच्या मागं ठेवायचं, माणूस पुढं सावलीत, उजेडाचं मोजमाप चेहऱ्यावर. तुरे नुसते पेटतात. मालकाला विचारून आत जा म्हणजे झालं.

मेलबर्नची_सांगलीकर
माझं उलटं आहे, आई-बाबाच इकडं येतात. त्यांना प्रेक्षणीय स्थळापुढं उभं केलं की दोघंही पासपोर्टवाल्या फोटोसारखे ताठ. चांगले फोटो सगळे मागच्या अंगणात, कपडे वाळत घालताना, मेथीच्या वाफ्यापाशी. सांगलीत घरी गेले की आयर्विन पुलाजवळच्या घाटावर बाबांना फिरायला नेते आणि मागून चालत राहते. १९२९ चा पूल, बाबांना त्याबद्दल बोलायला फार आवडतं, मला तेवढा वेळ मिळतो.

पण खरं सांगायचंय ते वेगळं. या सगळ्या फोटोंत तुम्ही कुठं आहात? ए६४०० मध्ये इंटरव्हल शूटिंग आहे. ट्रायपॉड लावा, फोकस आजींवर पक्का करा, दर तीन सेकंदांनी एक असं ठेवा, एफ ५.६, आणि जाऊन शेजारी बसा. टायमरची टिकटिक नाही, ‘आता बघ हं’ नाही. पंधरा मिनिटांत आजी कॅमेरा विसरतात.

राइनकाठचा_कराडकर
थोडं अवांतर. तिकडच्या मित्रांच्या पोरांचे फोटो इन्स्टावर टाकत असाल तर आई-बापांना विचारून टाका. जर्मनीत १९०७ पासूनचा कायदा आहे, कलम २२, ज्याचा चेहरा त्याच्या संमतीनंच प्रसिद्ध करायचा. सवय लागली की गावीही लावा. आत्याला न विचारता आत्याचा फोटो टाकला तर कलम लागत नाही, पण आत्या लागते.

स्टुटगार्टी_सातारकर
सगळ्यांचे आभार. ५० नक्की, तीही स्टॅबिलायझेशनवाली. आजी उंबऱ्यात, चौकडी अजिंक्यताऱ्यावर सकाळी. ऊस शेंद्रेच्या मामाकडं आहे, परवानगीचा प्रश्नच नाही, उलट मामाच आधी उभा राहील. इंटरव्हलचं बटण माझ्या कॅमेऱ्यात आहे हेच माहीत नव्हतं.

दोन शंका. आजीनं कुठली साडी नेसावी? ती जरीची पैठणी काढणार हे ठरलेलं आहे. आणि प्रिंट तिकडून करून आणू की साताऱ्यात?

कृष्णाकाठची
पैठणी नेसू दे की! दोन फोटो पैठणीत काढा, त्या खूश. मग म्हणा, आता रोजचं लुगडं नेसून या, चहा टाकू. साडीचा रंग दाराच्या रंगाशी भिडू नये एवढंच बघा.

जुना_स्टुडिओवाला
प्रिंट इथंच करा, येताना नाही, जाण्याआधी. म्हणजे शेवटचे चार दिवस हातात ठेवा. तुमची फाईल ६००० बाय ४००० पिक्सेलची, ३०० डीपीआयला २० बाय १३ इंच आरामात निघते, आजींसाठी १२ बाय ८ पुरे. लॅबवाल्याला सांगा ‘ऑटो करेक्शन बंद’, नाहीतर तो सावळा चेहरा गोरा करून देतो आणि वर म्हणतो छान आलाय. आधी ४ बाय ६ ची एक काढून उन्हात नेऊन बघा, मग मोठी सांगा. कागद मॅट घ्या. ग्लॉसी भिंतीवर लावली की समोरची खिडकीच दिसते तिच्यात.