मदत हवी आहे : ऑफिसात मी एकटाच फॉर्मल कपड्यांत

नवीन नोकरीला तीन महिने झाले. इथे सगळे टी-शर्ट, जीन्स आणि स्पोर्ट्स शूजमध्ये येतात. मी मात्र रोज इस्त्रीचा पांढरा किंवा फिकट निळा शर्ट, क्रीज असलेली पँट आणि लेदरचे बूट घालतो. आधीची दहा वर्षं असाच वावरलो. सकाळी बाह्यांची बटणं लावली की कामाला लागल्यासारखं वाटतं, ते मला मनापासून आवडतं.

पण "आज कुठे इंटरव्ह्यू आहे का?" हे आठवड्यातून दोनदा तरी ऐकावं लागतं. ते हसण्यावारी नेता येतं. गेल्या आठवड्यात मात्र टीममधली नवीन मुलगी मला साहेब समजून माझ्याकडे रजेची परवानगी मागायला आली, आणि मला फार अवघडल्यासारखं झालं. माझ्या कपड्यांमुळे लोक अंतर ठेवत असतील, तर ते मला नको आहे.

टाय आणि कोट आधीच सोडलेत. आता सुळसुळीत शर्टाऐवजी जाडसर विणीचा ऑक्सफर्ड कापडाचा शर्ट, क्रीजच्या पँटऐवजी चिनो (साधी सुती पँट) आणि लेसच्या बुटांऐवजी लोफर्स (बिनलेसचे बूट) घ्यावेत असं मनात आहे. एवढ्याने फरक पडेल का? की बाह्या दुमडल्या तरी पुरे? जीन्समध्ये मला खरंच मोकळं वाटत नाही, त्यामुळे तो सल्ला कृपया नको.

अशा ऑफिसात स्वतःची पद्धत न सोडता कोणी रुळलं असेल, तर नक्की काय बदललंत ते सांगाल का?