मदत हवी आहे: ‘अ‍ॅनिमॅट्रिक्स’मधले नऊ लघुपट कोणत्या क्रमाने पाहावेत?

रिकामटेकडी:
१९९९चा ‘द मॅट्रिक्स’ घरी पाहून झालाय, शनिवारी त्याचा पुढचा भाग ‘रीलोडेड’ लावायचाय. त्याआधी त्याच जगातल्या अ‍ॅनिमेटेड लघुपटांचा संग्रह ‘अ‍ॅनिमॅट्रिक्स’ (२००३) बघायलाच हवा का? नऊच्या नऊ बघायचे तर जवळपास पावणेदोन तास जातात. डिस्कवरच्याच क्रमाने जायचं का? सोबत बारा वर्षांचा मुलगा असेल. शिवाय ‘किड्स स्टोरी’ चाळताना पाठलागात चेहरे वितळल्यासारखे आणि रेघा थरथरत्या दिसल्या. फाइल गंडलीय का?

कटिंग चहा:
सगळे नकोत. मूळ सिनेमांच्या दिग्दर्शक वाचोव्स्कींनी स्वतः लिहिलेले चारच मुख्य कथेला जोडलेले आहेत: ‘सेकंड रेनेसान्स’चे दोन भाग, ‘किड्स स्टोरी’ आणि ‘फायनल फ्लाइट ऑफ द ओसायरिस’. याच क्रमाने बघा, ओसायरिस शेवटी.

डिस्कवर ओसायरिस पहिला आहे आणि तिथेच घोळ होतो. त्यात यंत्रं माणसांच्या शेवटच्या शहराच्या, झायनच्या दिशेने जमीन पोखरताना दिसतात आणि तो इशारा पोचवायला ओसायरिस जहाजावरची जू पत्रपेटीत एक पाकीट टाकते. ‘रीलोडेड’च्या सुरुवातीला जहाजांच्या कॅप्टनांच्या बैठकीत त्यांच्यातली नायोबी ओसायरिसच्या याच शेवटच्या संदेशाबद्दल बोलते, अडीच लाख सेंटिनेल्सचा (यंत्रांच्या मारेकरी रोबोंचा) आकडा तिथेच येतो. मध्ये आठ लघुपट गेले की हा धागा डोक्यातून निसटतो. पाकीट पेटीतून कोणी उचललं ते मात्र सिनेमात शोधू नका, ते ‘एंटर द मॅट्रिक्स’ या गेममध्ये आहे.

‘रीलोडेड’मध्ये नायक निओच्या मागे मागे फिरणारा पोरगा ‘किड्स स्टोरी’तलाच. ती न बघता बसलात तर तो नुसता डोक्यात जातो.

टूबी पेन्सिल:
फाइल ठणठणीत आहे. शिनिचिरो वातानाबे यांनी मुद्दामच रेघ कच्ची, स्केचसारखी ठेवलीय; स्केटबोर्डवरून पळापळ सुरू झाली की ती आणखी सुटते. ‘डिटेक्टिव्ह स्टोरी’ही त्यांचीच, जुन्या डिटेक्टिव्हपटांसारखी कृष्णधवल. तिथे रंग येत नाहीत म्हणून टीव्हीच्या सेटिंगशी झटापट करू नका. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग तेवढं बंद करा. हाताने काढलेल्या चित्रांमध्ये ते स्वतःच्या फ्रेम घुसवतं आणि मग रेघा खरोखरच चिकट दिसतात.

कटिंग चहा:
मुलाचं राहिलंच. ‘सेकंड रेनेसान्स’च्या दोन्ही भागांत हिंसा उघडीवाघडी आहे, ओसायरिसची सुरुवात कपडे उतरवत जाणाऱ्या तलवारबाजीने होते. पण माझ्या मते सगळ्यात जपायचं ते ‘किड्स स्टोरी’ला. मुलगा शाळेच्या गच्चीवरून खाली झोकून देतो आणि कथेत ती सुटका ठरते. बारा वर्षांच्या मुलाला तो लघुपट एकट्याने बघू देऊ नका. आधी तुम्ही बघा, मग ठरवा.

टूबी पेन्सिल:
त्याच्यासाठी ‘बियाँड’ लावा, कोजी मोरिमोतोंचा. हरवलेलं मांजर शोधत योको एका पडक्या घरात पोचते. तिथे फुटलेली बाटली पुन्हा सांधते आणि उंचावरून उडी मारलेली पोरं जमिनीला टेकायच्या आत हवेत थबकतात. मॅट्रिक्स या आभासी जगातला बिघाड मुलांच्या नजरेतून इतका मजेदार मूळ सिनेमांतही दिसत नाही. ‘मॅट्रिक्युलेटेड’ संथ आहे, शनिवारी नको.

रिकामटेकडी:
स्मूदिंग चालूच होतं! बंद केलं, रेघा आता मोकळ्या दिसतायत. मुलासाठी ‘बियाँड’, बाकीचे चार आधी मी एकटी बघते.